बंद करण्याची विद्या
(मालवाहू गाडी : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात क्लच आणि गिअर यांचं नातं पाहिलं. तो गाडी हलवण्याचा विषय होता, आजचा विषय ती उभी करण्याचा. शिकाऊ माणसाचा सगळा जोर गाडी उचलण्यावर असतो. क्लच किती सोडायचा, ॲक्सिलरेटर किती द्यायचा, इंजीन बंद पडू न देता चढावर पुढे कसं काढायचं, हे त्याच्याकडून पन्नास वेळा करून घेतात. उभी करणं हे शिकवायचं काम आहे असं मात्र कुणाला वाटत नाही. चावी फिरवली, उतरला, झालं. पिकअपच्या चोरीचा विषय निघाला की मग बोलणं थेट जीपीएस, सायरन आणि गुप्त स्विचवर जातं. मला वाटतं, या वस्तूंच्या आधी उतरण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या मिनिटाकडे पाहायला हवं. तिथे चूक होते ती ड्रायव्हरच्या आळसाने होतेच, पण त्याहून जास्त मालकाने पुढे ढकललेल्या दुरुस्तीने होते.

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावसारख्या बाजारात कॅरेटने भरलेल्या पिकअपच्या रांगा लागतात. त्यातली एखादी पाहा. हौदा काठोकाठ भरलेला, इंजीन चालू, दार नुसतं लोटलेलं, आणि चावी कुलपात इंजिनाबरोबर थरथरत असते. ड्रायव्हर आडत्याच्या गाळ्यावर पट्टीसाठी उभा. कारण विचारा, उत्तर तयार असतं : ‘सेल्फ घेत नाही.’ बॅटरी उतरलेली असते किंवा स्टार्टरचे कार्बन झिजलेले असतात. एकदा बंद केली की चार माणसं गोळा करून धक्का द्यावा लागणार, म्हणून ती बंदच करायची नाही. दुसरं कारण त्याहून सभ्य आहे. टर्बो इंजीन दूरच्या पल्ल्यावरून आल्यावर लगेच बंद करू नये, थोडा वेळ आयडलवर ठेवावं, म्हणजे फिरते तेल टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगची उष्णता काढून नेते. हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. फक्त तो थोडा वेळ सीटवर बसून काढायचा असतो, खाली उतरून चहाच्या टपरीवर नव्हे.

चावीच्या कुलपाचे टप्पे साधारण चार असतात : लॉक, ॲक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट. जुन्या डिझेल गाडीत ऑनवर थांबून हीटरची पिवळी खूण विझेपर्यंत वाट पाहायची, मग सेल्फ मारायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. परतीचा प्रवास तितका पाठ नसतो. चावी लॉकपर्यंत आणून बाहेर काढली, स्टिअरिंग थोडं फिरवलं, की आत ‘खट्’ असा आवाज येतो. तो स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत पडलेल्या पोलादी खिट्टीचा. चावी ॲक्सेसरीवर ठेवून, गाणी चालू ठेवून उतरलात तर ती खिट्टी पडत नाही. इतकी साधी वस्तू कितीशी उपयोगी, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं उत्तर युरोपात मिळून गेलं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीने जुन्या-नव्या सगळ्याच मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं आणि मोटारचोऱ्या ठळकपणे घटल्या. ब्रिटनने १९७१पासून फक्त नव्या मोटारींना सक्ती केली. तिथे चोरांनी काय केलं? नव्या गाड्या सोडून बिनलॉकच्या जुन्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. म्हणजे चोराला खिट्टी दिसते, तो ती मोजतो, आणि सोपं काम शेजारी उपलब्ध असेल तर तिकडे जातो. आपल्या रांगेत ते सोपं काम म्हणजे चावी थरथरत असलेली पिकअप.

हँडब्रेकची गोष्ट वेगळी, पण याच साखळीतली. पायाने ब्रेक दाबलेला असताना गिअर न्यूट्रल करायचा, हँडब्रेक पुरता ओढायचा, मग पाय उचलून पाहायचं की गाडी धरते का. भार हँडब्रेकवर बसला की इंजीन बंद करून गिअर टाकायचा : तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. हा क्रम उलटा केला की भरलेल्या हौद्याचं वजन गिअरच्या दात्यांवर येतं. उतारावर पुढची चाकं डाव्या कडेला वळवून ठेवायची, आणि खिट्टी पाडायची ती त्या वळलेल्या अवस्थेतच. मग ब्रेक सुटला तरी गाडी कडेला अडते, आणि ढकलून न्यायचा कुणी प्रयत्न केला तर ती सरळ रस्त्याला लागत नाही. एकच हालचाल अपघात आणि चोरी दोन्ही अडवते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२६मध्येही हीच दृष्टी आहे. सार्वजनिक जागी गाडी उभी असताना ड्रायव्हरच्या सीटवर परवाना असलेला माणूस हवा. नसेल तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. केबिनमध्ये बसवून ठेवलेला सोळा वर्षांचा किन्नर या कलमात बसत नाही.

सेल्फ बिघडला की या साखळीची कडी न् कडी तुटते. ड्रायव्हर मुद्दाम उतार शोधून गाडी लावतो, म्हणजे सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये घरंगळत नेऊन क्लच सोडला की इंजीन पकडतं. रात्री ती न्यूट्रलमध्ये, चाकाला दगड लावून उभी. स्टिअरिंग मोकळं ठेवायचं, कारण पहाटे अंधारात चावीशी झटापट नको. चोराला यापेक्षा आणखी काय हवं? दगड काढायचा, गाडी आवाज न करता वस्तीबाहेर जाते. शंभरातल्या किती चोऱ्या अशा होतात याचा हिशेब मी मांडत नाही, पण ज्या घरच्या दाराला कडीच लागत नाही तिथे कुलपाच्या कंपनीची चर्चा मला व्यर्थ वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : सराईत टोळीला खिट्टी मोडायला किती वेळ लागतो? ते गाडी उचलून दुसऱ्या ट्रकवर घालून नेतात. खरं आहे. ठरवून आलेल्या टोळीपुढे सवय पुरी पडत नाही. तिथे चावीतली चिप ओळखणारा इमोबिलायझर, लपवलेला स्विच, पेडलला अडकवायची सळई यांचं काम सुरू होतं. पण लपवलेला स्विचही गाडी ओळखून बसवावा लागतो. कॉमन-रेल इंजिनाला संगणकाचा करंट लागतो, तो तोडला की इंजीन बंद. ओढायच्या बटणाने बंद होणाऱ्या जुन्या डिझेलचं तसं नाही. एकदा पकडलं की ते बॅटरीवाचूनही चालत राहतं, आणि धक्क्याने पकडतं. तिथे बॅटरीचा कट-ऑफ म्हणजे मालकाचं समाधान. जीपीएसचंही थोडं तसंच आहे. ते गाडी गेल्यावर कुठे गेली हे सांगतं, आणि तेही चोराने त्याची वायर शोधेपर्यंत. शिक्षा कडक करा म्हणणाऱ्यांनी हे पाहावं, की भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि माल किंवा प्रवासी वाहणारं वाहन चोरलं तर कलम ३०५नुसार ती सात वर्षांपर्यंत जाते. कायद्याने फरक केलेला आहे. रांगेतल्या चावीवर त्याचा परिणाम दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बाजारात गाड्या एकीला एक खेटून लागतात, पुढची काढायची तर मागची हलवावी लागते. चावी खिशात घालून गेलं तर शिव्या खाव्या लागतात. ही अडचण खरी आहे, तिला आळस म्हणता येणार नाही. पण चावी कुणाकडे तरी असणं आणि कुलपात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती गाळ्यावर, ओळखीच्या मापाड्याकडे, गाडीचा नंबर लिहिलेल्या पट्टीसह ठेवता येते. गाडी हलवणारा निदान कुणाला तरी तोंड दाखवून हलवेल.

तिसरं म्हणणं असं, की चोरी चोर करतो, मग बोल ड्रायव्हरला का? न्यायालयानेही इथे मधला मार्ग काढला आहे. एका प्रकरणात ड्रायव्हर कारखान्याचा पत्ता विचारायला उतरला, चावी ट्रकमध्येच राहिली आणि ट्रक गेला. विमा कंपनीने निष्काळजीपणा म्हणून पैसे नाकारले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्ण नाकारणं योग्य मानलं नाही, ७५ टक्के द्यायला लावले. वाहनाच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीत असतेच. तिचा भंग झाला तरी सगळं बुडत नाही, पण चौथा हिस्सा गेला, आणि उरलेले पैसे मिळवायलाही दिल्लीपर्यंत भांडावं लागलं. तो चौथा हिस्सा ड्रायव्हरच्या पगारातून वळता करणारे मालक असतील. त्यांनी आधी स्टार्टरचे कार्बन शेवटचे कधी बदलले ते आठवावं, आणि चावी इतकी घासली आहे का की स्क्रू-ड्रायव्हरनेही कुलूप फिरेल, तेही तपासावं.

दावा करताना कंपनी आणखी एक वस्तू मागते : दोन्ही चाव्या. एक ड्रायव्हरच्या खिशात होती असं धरू. दुसरी शोधायला मालक घरातलं कपाट उपसतो. बऱ्याचदा ती डॅशबोर्डच्या खणात, आरसी बुकाच्या झेरॉक्सबरोबर असते. म्हणजे गाडीतच.