रिपोर्ट नॉर्मल, म्हणून किडनी ठणठणीत?

‘रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आलंय, म्हणजे किडनीला काही झालेलं नाही.’ म्हाताऱ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडातली गाठ उशिरा सापडते, ती बहुतेक वेळा या समजुतीपायी. दोन्ही मूत्रपिंडांची मिळून जवळपास ७५ टक्के कार्यक्षमता गेल्याशिवाय क्रिएटिनिन सहसा वाढत नाही. कर्करोगाची गाठ मूत्रपिंडातच सुरू झाली असेल, तर ती बहुधा एकाच बाजूला असते. दुसरं मूत्रपिंड सगळा भार उचलतं आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. काही गाठींमुळे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी बेसुमार होतात. वाढलेलं हिमोग्लोबिन पाहून खूश होऊ नका, कारण विचारा. गाठ दिसते ती सोनोग्राफीत.

‘लघवीत रक्त नाही, मग गाठ कसली?’ हाही गैरसमजच. पुष्कळदा कुत्रा फक्त कमी खातो, मलूल होतो, वजन उतरतं. घरचे ते वयावर ढकलतात. उलट, लघवी लाल झाली म्हणजे कर्करोगच, असंही नाही. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा बॅबेसियाचा आजार, मूतखडा आणि संसर्ग आधी तपासावे लागतात.

सोनोग्राफीत गाठ दिसली तरी निदान झालेलं नसतं. ती पाण्याची गाठ किंवा गळूही असू शकते. मूत्रपिंडातच उगम पावणारे कर्करोग कुत्र्यांच्या एकूण गाठींत २ टक्क्यांहूनही कमी आहेत; दुसरीकडून तिथे पसरलेले जास्त. लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) असेल तर उपचार केमोथेरपीचा, म्हणून शस्त्रक्रियेआधी सुईने पेशी काढून बघणं मोलाचं ठरतं. मात्र मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कर्करोगाचा संशय असल्यास सुई टाळतात, कारण तिच्या वाटेने पेशी पसरू शकतात. गाठीचा नेमका प्रकार बायोप्सीच सांगते.

जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांनी पायांवरच्या आणि डोक्यावरच्या त्वचेतल्या टणक गाठींकडे लक्ष द्यावं. या जातीत मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक कर्करोग आढळतो आणि त्वचेवरच्या गाठी त्याची आगाऊ सूचना असू शकतात.

‘या वयात ऑपरेशन कशाला?’ हा प्रश्न, कर्करोग पसरलाय का हे पाहणारा छातीचा एक्स-रे आणि दुसऱ्या मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर विचारावा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मूत्रपिंडातच कर्करोग सुरू झालेल्या ८२ कुत्र्यांच्या अभ्यासात कार्सिनोमा हा प्रकार झालेल्यांचा पुढे जगण्याचा मध्यक काळ १६ महिने होता. कुत्र्याच्या आयुष्यात हा काळ थोडा नाही.

सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याचं वजन विनाकारण उतरत असेल, तर रक्ततपासणीवर थांबू नका. पोटाची सोनोग्राफीही करून घ्या.