सावलीवरून मोजमाप

दुपारची वेळ आहे. तुम्ही शेतात खुरपणी करीत आहात. आभाळात एकच ढग आहे. त्याची सावली माळावरून सरकत येते, तुमच्या अंगावरून जाते आणि पुन्हा ऊन पडते. आता कुणी विचारले, "हा ढग केवढा आहे हो?" तर काय सांगाल? ढगाला दोरी लावता येत नाही. पण त्याची सावली जमिनीवर आहे. सूर्य फार लांब असल्यामुळे ढग जेवढा, जवळजवळ तेवढीच त्याची सावली. सावली मोजली की ढग मोजला.

एकट्याने मात्र हे जमणार नाही. सावलीचा मधला भाग आपल्यावरून गेला की नुसती कड, हे एकट्याला कसे कळावे? म्हणून सावली जिकडे चालली आहे, तिच्या वाटेला आडवी दहा माणसे उभी करा. एक या बांधावर, दुसरा पुढच्या बांधावर. प्रत्येकाने घड्याळात बघायचे, सावली कधी आली आणि कधी गेली. कुणावर ती पुष्कळ वेळ राहील, कुणावर थोडा वेळ, कुणावर येणारच नाही. सावली किती वेगाने चालली आहे हे ठाऊक असले, की ज्याचा जितका वेळ तितक्या लांबीची रेघ कागदावर ओढायची. दहाजणांच्या रेघा एकाखाली एक मांडल्या, की ढगाचा आकार उमटतो.

हे सगळे ढगासाठी सांगितले नाही. याच युक्तीने माणसांनी ६५० कोटी किलोमीटर लांबचा एक बर्फाळ गोळा मोजला, त्याची ही हकिगत आहे.

आपल्यापासून सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर. सूर्याभोवती फिरणाऱ्या मोठ्या ग्रहांत नेपच्यून शेवटचा. त्याच्याही पलीकडे बर्फ आणि धूळ यांचे असंख्य लहानमोठे गोळे फिरत असतात. सूर्य आणि ग्रह घडले तेव्हा उरलेला हा माल. घर बांधून झाल्यावर अंगणात विटामाती उरते ना, तसाच. तिथे इतकी थंडी, की तो माल आजवर फारसा बदलला नाही. घर कसे बांधले ते या उरलेल्या मालावरून कळेल, म्हणून त्याची एवढी चौकशी.

२०१४ साली, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल नावाच्या दुर्बिणीतून त्यातला एक गोळा सापडला. दिसला म्हणजे काय, तर अगदी पुसट ठिपका. ठिपक्यावरून आकार कळत नाही. चांदण्या रात्री लांबवर काही पांढुरके दिसले, तर ते धुतलेले लहान फडके असेल, किंवा मळकट मोठे धोतर असेल. दोन्हींकडून येणारा उजेड सारखाच. तेव्हा हा ठिपका लहान आणि चकचकीत, की मोठा आणि काळपट, हे कुणालाच ठरवता येईना.

आणि ठरवणे तर निकडीचे होते. अमेरिकेने २००६ साली 'न्यू होरायझन्स' नावाचे एक यान सोडले होते. यान म्हणजे माणसावाचून चालणारे, आकाशातले वाहन. ते २०१५ च्या जुलैत प्लूटोजवळून गेले. पुढे त्याला या गोळ्याकडे वळवले. यान तिथे थांबणार नव्हते. सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर या वेगाने ते जवळून निघून जाणार, आणि मागे फिरायची सोय नाही. गोळा नेमका कुठे, केवढा, त्याच्याभोवती खडे-धूळ आहे काय, हे आधी कळायला हवे. त्या वेगात तांदळाच्या दाण्याएवढा खडा आदळला तरी यान निकामी व्हायचे.

तेव्हा सावली धरायचे ठरले. सूर्याची नव्हे, ताऱ्याची. चंद्र रोहिणीवरून जातो तेव्हा रोहिणी काही वेळ दिसेनाशी होते, हे तुमच्यापैकी कुणी पाहिले असेल. शास्त्रात याला पिधान म्हणतात. हा गोळाही कधीतरी एखाद्या ताऱ्यासमोर येतो. तेव्हा ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवर पडते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण दुर्बीण लावून बसलेल्याला तो तारा क्षणभर विझल्यासारखा दिसतो.

कुठे पडेल ही सावली? मार्क ब्युई नावाच्या शास्त्रज्ञाच्या मंडळींनी हिशेब मांडला. २०१७ च्या ३ जूनला आर्जेंटिनात आणि दक्षिण आफ्रिकेत माणसे दुर्बिणी घेऊन बसली. तारा कुणाच्याच दुर्बिणीत विझला नाही. एवढा प्रवास, एवढा खर्च, आणि हाती काही नाही. पुढची संधी लगेच जुलैत होती. तीही हुकली असती, तर यान जवळजवळ आंधळेच गेले असते.

आर्जेंटिना हा दक्षिण अमेरिकेतला देश. त्याच्या दक्षिण भागात, समुद्रकाठी, कोमोदोरो रिवादाविया नावाचे शहर आहे. जुलैत आपल्याकडे पाऊस, तर तिकडे कडाक्याचा हिवाळा. वारा तर असा की दुर्बीण थरथरते. आणि दुर्बीण थरथरली की सगळे मुसळ केरात.

१७ जुलैच्या रात्री शहराच्या आसपास, सावलीच्या वाटेला आडव्या अशा २४ दुर्बिणी मांडल्या. गावकऱ्यांनी काय केले ते ऐका. रस्त्यावरचे दिवे मालवले. मोटारींचा उजेड नको म्हणून मोठा हमरस्ता दोन तास बंद ठेवला. वारा अडावा म्हणून दुर्बिणींच्या बाजूला ट्रक आणून उभे केले. हे लोक काही शास्त्रज्ञ नव्हते. एका ठिपक्यासाठी त्यांनी आपले गाव अंधारात ठेवले. मला तर या साऱ्या हकिगतीत हीच गोष्ट फार आवडते.

मध्यरात्र उलटून गेली. सावली सेकंदाला वीस किलोमीटरहून अधिक वेगाने आली आणि गेली. पापणी लवते न लवते तेवढाच खेळ! डोळ्यांवर भरवसा ठेवून भागत नाही, म्हणून दुर्बिणींना कॅमेरे जोडले होते. मागून चित्रे तपासली. २४ पैकी पाच दुर्बिणींत तारा विझलेला सापडला.

"मग बाकीच्या एकोणीस फुकटच गेल्या की!" असे कुणी म्हणेल. नाही. सावली आमच्यावरून गेली नाही, हेही सांगणारे कुणीतरी लागते. त्यावाचून गोळा कुठे संपतो ते कसे समजावे? शेताची हद्द ठरवताना शेजाऱ्यालाही बोलावतातच.

पाच रेघा कागदावर मांडल्या तेव्हा सगळे चकित झाले. आकार गोल येईना. एक तर हा गोळा फार लांबट असावा, नाही तर दोन गोळे एकमेकांना लागून असावेत.

१ जानेवारी २०१९ रोजी यान तिथे पोचले आणि सुमारे ३,५०० किलोमीटरवरून पुढे गेले. तिथला निरोप आपल्याकडे यायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. चित्रे आली. लहान-मोठे दोन गोळे एकमेकांना चिकटलेले! एकूण लांबी सुमारे ३६ किलोमीटर, रंग तांबूस. सावलीने सांगितले होते ते खरे निघाले. पुढे त्याचे नाव 'ॲरोकॉथ' ठेवले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या एका भाषेत याचा अर्थ आकाश.

पण एक गोष्ट सावलीला सांगता आली नव्हती. ढगाच्या सावलीवरून ढगाची लांबीरुंदी कळते, जाडी कळत नाही. इथेही तसेच झाले. सगळ्यांना वाटले होते, दोन्ही लाडवासारखे गोल असतील. यान पुढे गेल्यावर त्याने मागे वळून काढलेली चित्रे आली. त्यांत मोठा गोळा दाबलेल्या उंड्यासारखा चपटा निघाला.