तीन बोटांची चाचणी

तोंडाचा कर्करोग सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधीची अवस्थाही जगणे अवघड करते. 'सबम्यूकस फायब्रोसिस' ही अशीच एक अवस्था. तिचे मुख्य कारण सुपारी. सुपारीतील अ‍ॅरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठतात, गाल कडक होतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते.

माझ्या मामांना हा आजार आहे. तिखटाने तोंडाची आग होते, म्हणून आजी त्यांची आमटी वेगळी करते. भाकरी कुस्करून खावी लागते. दात नीट घासता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही. लग्नात ते पंगतीला बसणे टाळतात.

तंबाखू नसली की सुपारी निर्धोक, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नमूद केले आहे.

कडक झालेले गाल पूर्वीसारखे होत नाहीत. मात्र सुपारी सोडली तर आजाराची वाढ रोखता येते. औषधे आणि तोंडाच्या व्यायामाने घासही थोडा सोपा होतो.

मित्रांनो, तोंड उघडून मधली तीन बोटे उभी धरून आत घालून पाहा. मावत नसतील तर दंतवैद्यांना दाखवा. सुट्टीत घरी गेल्यावर सुपारी खाणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ही चाचणी करायला सांगा.