पडद्यावांचून छापणारा ब्राउझर

विम्याच्या हप्त्याची पावती किंवा एखादें प्रमाणपत्र घरबसल्या मागविलें, कीं क्षणार्धांत एक रेखीव पीडीएफ हातीं येते. अशा प्रत्येक कागदासाठीं कोठें तरी निराळा छापखाना मांडलेला असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः पुष्कळदां तो कागद मुळांत संकेतस्थळाचें एक पान असतो, आणि तें कागदावर उतरविण्याचें काम रोजच्या वापरांतला ब्राउझरच करतो. मात्र तो कोणाच्या डोळ्यांपुढें उघडत नाहीं. दूरच्या सर्व्हरवर निमूटपणें चालतो.

इंग्रजींत अशा ब्राउझरास ‘हेडलेस’ म्हणतात. शब्दशः भाषांतर ‘बिनडोक’ असें होईल, पण तो त्या बिचाऱ्यावर अन्याय ठरेल. डोकें त्याचें शाबूत असतें. नसतो तो चेहरा, म्हणजे खिडकी आणि बटणें. पान आणणें, ओळी पाडणें, चित्रें बसविणें हें सर्व तो यथासांग करतो आणि शेवटीं तें पडद्यावर न दाखवितां पीडीएफ म्हणून लिहून ठेवतो. २०११ सालीं निघालेला फँटमजेएस हा या जातीचा गाजलेला पूर्वज. २०१७ सालीं क्रोमच्या ५९ व्या आवृत्तींत हीच सोय आली, त्याच वर्षीं त्यास बाहेरून हुकूम सोडणारें पपेटियर हें साधन निघालें, आणि २०१८ मध्यें फँटमजेएसचें काम थांबलें.

पडद्यावरील पानास तळ नसतो, कागदास असतो. म्हणून पान कोठें तोडावें, कोष्टकाची कोणती ओळ दुभंगूं नये, हें छपाईपुरत्या निराळ्या नियमांनीं सांगावें लागतें. कागदाचें मापही सांगावें लागतें. न सांगितल्यास पपेटियर अमेरिकन ‘लेटर’ माप धरतो, आणि तें ए-४ पेक्षां सुमारें १८ मिलिमीटरनें आंखूड असतें. शिवाय पानांतील कांहीं आंकडे मागाहून येत असल्यास त्यांची वाट पाहण्याची आज्ञा हवी. नाहीं तर बेरजेची जागा कोरी राहिलेली पावती ग्राहकाच्या हातीं पडते.

परंतु मराठी घरांस जाचणारी अडचण याहून निराळी आहे. सर्व्हरवर पुष्कळदां रोमन लिपीपुरतेच फॉन्ट असतात, किंवा तेही नसतात. पान रचणाऱ्याच्या संगणकावर देवनागरी असते, त्यामुळें त्यास सर्व ठीक दिसतें. तेंच पान सर्व्हरवर छापलें, कीं विद्यार्थिनीच्या नांवाच्या जागीं रिकाम्या चौकोनांची रांग उमटते. ब्राउझर तक्रार करीत नाहीं. त्याच्या लेखीं काम फत्ते झालेलें असतें, आणि पाहणारा तर कोणीच नसतो. अशा रीतीनें शेंकडों प्रमाणपत्रें निघून गेल्यावर चूक प्रथम दिसते ती त्या मुलीस, बहुधा प्रवेशाच्या खिडकीपाशीं.

उपाय सोपा आहे. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट सर्व्हरवर बसवावा किंवा पानाबरोबरच पाठवावा, आणि तो पुरता आल्याशिवाय छपाई सुरू करूं नये. मग ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘कुऱ्हाडे’ अशा नांवांचा एक नमुना त्याच सर्व्हरवर काढून कोणी तरी डोळ्यांनीं तपासावा. अक्षरें एकदां नीट उमटलीं, कीं फॉन्टचा लागणारा भाग पीडीएफच्या पोटांतच जातो; मग ती पुण्यांत उघडली काय किंवा लंडनमध्यें, नांव तेंच दिसतें.