आयव्हीएफची इंजेक्शने: पोट फुगणे कधी साधे, कधी धोक्याचे?

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून रोज बेंबीच्या बाजूला एक बारीक सुई. साधारण ८ ते १२ दिवस. आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्याचे सगळे वेळापत्रक या सुईभोवती फिरते.

या इंजेक्शनात मुख्यतः ‘एफएसएच’ हे संप्रेरक असते. दर महिन्याला अंडाशयात अनेक फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या पाण्याच्या छोट्या पिशव्या, वाढू लागतात. त्यातली सहसा एकच पक्व होते, बाकीच्या सुकतात. इंजेक्शन त्या बाकीच्यांनाही वाढवते. त्यामुळे ‘बीजांचा साठा लवकर संपतो’ ही भीती निराधार आहे. एरवी वाया जाणारीच बीजे हाती लागतात.

सोनोग्राफीत फॉलिकल १८ मिलिमीटरच्या आसपास दिसले की ‘ट्रिगर’ इंजेक्शन, बहुधा एचसीजीचे. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढतात. म्हणून रात्री साडेदहाची वेळ सांगितली असेल, तर ती साडेदहाचीच. चुकलीच तर लपवू नये, लगेच क्लिनिकला कळवावे.

सुईच्या जागी निळा डाग, डोकेदुखी, चिडचिड, पोट थोडे फुगणे हे बहुतेकींना होते आणि ओसरते. खरा धोका ‘ओएचएसएस’चा. यात अंडाशये सुजतात आणि रक्तवाहिन्यांतले पाणी पोटात झिरपते. पीसीओएस असलेल्या तरुण स्त्रियांत तो जास्त. गंमत म्हणजे हा त्रास ट्रिगरनंतर, बीजे काढून घरी आल्यावर वाढतो, जेव्हा ‘सुटलो एकदाचे’ असे वाटत असते. त्यात उपचार चालू असल्याचे घरात कुणाला सांगितलेले नसते, मग गॅसची गोळी घेऊन पडून राहणे होते. दिवसात किलोभराहून जास्त वजन वाढले, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, धाप लागली किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धोका आधीच दिसत असेल, तर डॉक्टर ट्रिगरचे औषध बदलतात आणि भ्रूण गोठवून गर्भधारणा पुढे ढकलतात.

पुरुषांत मेंदूकडून संप्रेरके कमी येत असतील, तर एचसीजी आणि एफएसएच कामी येतात. मात्र जिममध्ये मिळणारे टेस्टोस्टेरॉन नेमके उलटे करते: शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. ते बंद केल्यावरही शुक्राणू परतायला कित्येक महिने लागतात.