हात, सांखळी आणि एकर : जमिनीच्या मापांचा मेळ कसा घालावा

आष्टीकडील शेतकऱ्यास आपल्या वावराची लांबीरुंदी विचारली असतां तो ती हातांत किंवा पावलांत सांगतो. कागद मात्र सांखळी, एकर, डिसमिल, गुंठा अगर आर यांच्या भाषेंत बोलतो. या दोन भाषांचा मेळ न बसल्यामुळें वांटणीच्या वेळीं भाऊबंदांत आणि खरेदीच्या वेळीं शेजाऱ्यांत तंटे उभे राहतात. त्यांपैकीं कित्येकांचें मूळ धुऱ्यावर नसून आंकड्यांत असतें. महसुली दप्तरांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस उचित वाटतें.

प्रथम लांबीचीं मापें घेऊं. हात म्हणजे १८ इंच, अर्थात् दीड फूट. सांखळ्या मात्र दोन प्रकारच्या आहेत. इंग्लंडांतील गणिती एडमंड गंटर यानें १६२० च्या सुमारास प्रचारांत आणलेली सांखळी ६६ फुटांची असून तिच्या १०० कड्या असतात. ही ४४ हात भरते. अशा १० सांखळ्यांचा एक फर्लांग व ८० सांखळ्यांचा एक मैल होतो. दुसरी मुंबई इलाख्याच्या मोजणींतील शंकू सांखळी. ही ३३ फुटांची, म्हणजे २२ हातांची असून तिचे १६ आणे पाडलेले असतात.

आपल्या भागांत दोन्ही हिशेब आढळतात, याचें कारण वर्धा नदी. नदीच्या अलीकडे मध्यप्रांताची मालगुजारी पद्धति होती व क्षेत्र एकर-डिसमिलांत लिहीत. पलीकडे वऱ्हाडांत मुंबईच्या धर्तीची रयतवारी पाहणी झाली व क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहीत. १९०३ सालीं वऱ्हाड प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला, तरी जुन्या दप्तरांचें वळण आपापलेंच राहिलें. ज्यांचें वावर एका कांठास व सोयरे दुसऱ्या कांठास, त्यांनीं हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

आतां क्षेत्राकडे वळूं. गंटर सांखळीच्या १० चौरस सांखळ्यांचा एक एकर होतो. शंकू सांखळीची एक चौरस सांखळी म्हणजेच एक गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर. उदाहरणार्थ, एक वावर २२० हात लांब व १३२ हात रुंद आहे. गंटर सांखळीनें तें ५ गुणिलें ३, म्हणजे १५ चौरस सांखळ्या, अर्थात् दीड एकर झालें. शंकू सांखळीनें तें १० गुणिलें ६, म्हणजे ६० गुंठे, अर्थात् दीड एकरच झालें. परंतु शंकू सांखळीचे १० व ६ हे आंकडे कोणीं गंटरचे समजून गुणिले तर तेंच वावर कागदावर सहा एकर होईल! लांबी दुप्पट धरली कीं क्षेत्र चौपट होतें, हा नियम विसरूं नये.

याहूनही मोठा घोटाळा पूर्णांकानंतरच्या दोन आंकड्यांत आहे. कागदावर नुसतें २.२० असें लिहिलें आहे असें समजा. एकर-डिसमिलांत याचा अर्थ २ एकर ८ गुंठे; कारण १०० डिसमिलांचा एकर व अडीच डिसमिलांचा एक गुंठा. हाच आंकडा एकर-गुंठ्यांचा असेल तर तो अडीच एकर होय. येथेंच १२ गुंठ्यांचा फरक पडला. आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर आलेल्या दशमान पद्धतीप्रमाणें तो हेक्टर-आर असेल, तर जमीन सुमारें ५ एकर १७ गुंठे भरेल. कारण एक एकर म्हणजे ४०.४७ आर. आंकडा एकच, जमिनी तीन!

कांहीं लोक सोयीसाठीं गंटर सांखळी २० मीटरांची धरतात. ती वस्तुतः २० मीटर व पावणेबारा सेंटिमीटर आहे. हा फरक क्षुल्लक दिसतो. पण दहा एकरांचें वावर या मापानें आंखलें असतां साडेचार गुंठ्यांहून अधिक जमीन कमी पडते.

बिघ्याचा विचार निराळा. शिवकालीन मोजणींत पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा व १२० बिघ्यांचा चावर, असें कोष्टक होतें. परंतु हात व मूठ ज्याची त्याची असल्यामुळें बिघा ठिकठिकाणीं वेगळा झाला. म्हणून जुन्या कागदांतील बिघ्याचा एकर करण्यापूर्वी तो कोठला व कोणत्या काठीचा, हें पाहावें.

सारांश, आमच्या शेतकरी बंधूंनीं तीन गोष्टी पाळाव्या. जुना आंकडा वाचतांना प्रथम सांखळी कोणती हें ठरवावें. लांबीचें माप बदलून घेतल्यावरच क्षेत्र काढावें. आणि खरेदीखतांत किंवा वांटणीपत्रांत आंकड्यापुढें मापाचें नांव अक्षरीं लिहून घ्यावें. घरचा हिशेब पडताळ्यापुरता. हद्दीचा वाद असेल तर भूमि अभिलेख खात्याची मोजणीच मागावी. दोरी ताणण्यापूर्वी घटकाभर कागदावर बसणें हें कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षां केव्हांही स्वस्त पडतें.