चिलखत उतरवलेल्या बाहुल्या
पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्या माणसाला सिसिलीची बाहुली आधी आडदांड वाटते. ती दोऱ्यांवर झुलत नाही. एक जाड लोखंडी सळई तिच्या डोक्यातून खाली जाते, दुसरी उजव्या हाताला जोडलेली असते. चिलखतासकट पालेर्मो शहरातल्या ‘पूपो’चं, म्हणजे बाहुलीचं, वजन आठ-दहा किलो भरतं, कातानियाचा तर तीस किलोंच्या पुढेही जातो आणि त्याचे गुडघे वाकत नाहीत. पालेर्मोच्या बाहुलीच्या बंद मुठीतून एक दोरी आरपार जाऊन तलवारीला बांधलेली असते. विंगेत उभा असलेला खेळवणारा, म्हणजे ‘पुपारो’, ती ओढतो आणि तलवार म्यानातून सपकन हातात येते.

या रंगभूमीचं मूळ भांडवल म्हणजे शार्लमेनच्या सरदारांच्या कथा. जुस्तो लोदिको या शिक्षकाने १८५८ ते १८६० या काळात त्या एकत्र करून छापल्या आणि पुपारोंनी त्यावर पिढ्या काढल्या. रोज रात्री एक भाग, असं महिनोन्महिने. इथे कोण कुणाचा हे विचारावं लागत नाही. ख्रिस्ती सरदार डावीकडून येणार, सारासेन म्हणजे मुसलमान शत्रू उजवीकडून. रिनाल्दोच्या ढालीवर सिंह असतो, ओर्लांदोचा डोळा तिरळा असतो आणि गद्दार गानो दिसला की प्रेक्षक हातात असेल ते फेकून मारत.

अशा रंगमंचावर ‘बेआती पाओली’ आली. लुइजी नातोलीची ही कादंबरी १९०९-१० मध्ये ‘जोर्नाले दि सिचिलिया’ या दैनिकात विल्यम गॉल्ट या टोपणनावाने क्रमशः छापली गेली. गोष्ट अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या पालेर्मोची. भावाची जहागीर गिळू पाहणारा डॉन राइमोंदो, कुळाचा पत्ता नसलेला तलवारबाज ब्लास्को आणि कापो वस्तीखालच्या भुयारांत रात्री न्यायनिवाडा करणारे बुरखाधारी, म्हणजेच ‘बेआती पाओली’. त्यांची दंतकथा शहराला आधीपासून ठाऊक होती. ‘पुढील अंकी चालू’ची सवय वाचकांना होती, तशीच बाहुल्यांच्या प्रेक्षकांनाही. त्यामुळे कथानकाचे तुकडे पाडायचे कष्ट नातोलीनेच करून ठेवले होते.

अडचण वेगळीच होती. या कथेत चिलखत नाही. कोट, टोप आणि झगे घातलेल्या साध्या वेषातल्या बाहुल्या पुपारोंकडे असतातच, पण पत्र्यावर पत्रा आदळण्याचा जो खणखणाट या खेळाचा प्राण, तो गेला. उरतो फळ्यांवर आपटणारा पुपारोचा पाय. नातोली रस्त्यांची, वाड्यांची, राजकारणाची पानंच्या पानं रंगवतो. त्या सगळ्याची सोय एका रंगवलेल्या पडद्यावर लावावी लागते. सळईवरची बाहुली शपथ घेऊ शकते, वार करू शकते, धाडकन मरू शकते. मनातल्या मनात कुढणं तिला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर नातोलीच्या माणसांनाही ते फारसं शोभत नाही.

खरी कसोटी बुरख्याची. कादंबरीचा डोलारा उभा आहे तो बुरखाधाऱ्यांचा म्होरक्या कोण या रहस्यावर. तो ब्लास्कोचा उमदा मित्र कोरिओलानो निघतो. पालेर्मोत मात्र एकटा पुपारो सगळ्यांचे आवाज काढतो, बायकांचेसुद्धा, आणि प्रत्येक पात्राची पट्टी ठरलेली. बुरख्यातून कोरिओलानोचाच आवाज आला तर प्रेक्षक त्याला तिथेच ओळखणार. आवाज बदलला तर शेवटी फसवल्यासारखं वाटणार. माझ्या मते आवाज बदलू नये. ब्लास्कोच्या आधी आपल्याला कळलंय, ही बाकावर बसलेल्याची मजा रहस्यापेक्षा मोठी आहे. गानोवर जोडे फेकणाऱ्यांना रहस्य हवं होतंच कधी?

१९५०च्या दशकात सिनेमाच्या जोडीला दूरदर्शन आलं, आणि रोज रात्री येणारा प्रेक्षक पांगला. युनेस्कोने २००१ मध्ये या कलेचा गौरव केला, २००८ मध्ये तिला आपल्या यादीत घेतलं. मिम्मो कुतिक्क्यो यांनी १९७३ मध्ये पालेर्मोत काढलेल्या नाट्यगृहासारख्या जागा तग धरून आहेत. पण एका संध्याकाळपुरत्या येणाऱ्या पर्यटकाला भाषा कळत नसली तरी ओर्लांदोची तलवारबाजी कळते. ‘बेआती पाओली’ बोलण्यावर चालते. तिची पंचाईत तिथे आहे.